हे गाडीचं काम न्हवं, सायेब

आमच्या बसला बत्तीस सीट होत्या तेव्हा ती रोज धावायची. आता तिच्यात दोन बिछाने, एक ओटा, एक बेसिन आणि पडद्याआड एक संडास आहे, आणि ती कोल्हापुरात कळंब्याजवळ रिंग रोडला एका मोकळ्या प्लॉटवर उभी असते. सकाळी फिरायला निघालेली मंडळी हटकून विचारतात, "काय मालक, कधी निघताय?" पहिले सहा महिने मी तारीख सांगायचो. आता नुसतं "बघू की" म्हणतो.

निवृत्त झाल्यावर मी ही बस एका हौशी माणसाकडून घेतली. तिचं घर त्यानंच करून ठेवलं होतं, आरटीओच्या कागदावर तशी नोंदही होती. अवघड ते त्यानं उरकलंय, आपण फक्त हिंडायचं, असा माझा हिशोब. माणूस एवढी गाडी इतक्या आनंदानं का विकतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो सौ.ला पडला.

पहिलं दुखणं बॅटरीचं निघालं. बस 24 व्होल्टची, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. आतले दिवे, पंखा, पाण्याचा पंप मात्र 12 वर चालणारे. आधीच्या मालकानं सरळ एकाच बॅटरीवरून वायर ओढली होती. बैलजोडीतल्या एकालाच रात्रभर राबवायचं आणि सकाळी दोघांपुढं मिळून एकच पेंडी टाकायची, तसला प्रकार. इंजिनावर बॅटऱ्या भरणारा अल्टरनेटर बघतो फक्त जोडीची बेरीज. ती 28 च्या घरात गेली की तो खूश. राबलेली बॅटरी उपाशीच राहते, आणि बसून खाल्लेलीला अजीर्ण होऊन तिचं पाणी उडतं. अशा दोन जोड्या मी भंगारात घातल्या.

उद्यमनगरातल्या गाड्यांच्या वायरमननं बोनेट उघडलं, मग आत डोकावून पंखा बघितला आणि पकड खिशात घातली. "हे गाडीचं काम न्हवं, सायेब. ह्यो घरचा लोड हाय. घरच्या लाइटवाल्याला बोलवा." घरचा लाइटवाला आला, त्यानं टेस्टर लावला. टेस्टर पेटेना. "काका, आमच्याकडं 230 च्या खाली कोण बोलत न्हाई. ही गाडी हाय, गाडीवाल्याला दाखवा." प्लंबरला फोन केला तर त्यानं विचारलं, "टाकी कितव्या मजल्यावर हाय?" मी म्हटलं, "चाकांवर." त्यानं फोन ठेवला.

शेवटी मीच वाचून, विचारून घरासाठी वेगळी बॅटरी बसवली, आणि ती भरायला टपावर दोन सोलर पॅनेल. ही माझी पहिली सुधारणा. पॅनेल बसवायला टपाला आठ भोकं पडली. त्या आठांनी पुढच्या पावसाळ्याची सगळी व्यवस्था करून ठेवली.

बसच्या गळतीचं एक शास्त्र आहे. पाणी शिरतं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या रिबिटातून, पत्रा आणि प्लायवूडच्या मधून मजेत मागं चालत जातं, आणि पडतं ते थेट माझ्या उशीवर. म्हणून जिथं गळतंय तिथं सिलिकॉन भरणं म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून विजारीला इस्त्री करणं. मी चार ट्यूब उशीवरच्या छताला भरल्या. पाण्यानं सौ.ची उशी गाठली.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. सौ.नं बिछान्यावर ठेवलेल्या पातेल्याला आतून खडूनं दोन रेघा मारल्या. रात्री तिनं नुसतं "इशारा" म्हटलं की मी उठायचं. एकदा मला जाग आली नाही. त्या रात्रीचं स्थलांतर आम्ही छत्री घेऊन घरी चालत केलं.

मग 200 लिटरची पाण्याची टाकी. तीही माझीच सुधारणा, मागच्या बिछान्याखाली. 200 लिटर म्हणजे 200 किलो, हे गणित मला चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसल्यावर सुचलं. शिवाय टाकीत आडवे पत्रे टाकायला हवे होते, ते राहिले. ब्रेक मारला की आधी बस थांबते, मग मागून पाणी येऊन धडकतं आणि बस पुन्हा हातभर पुढं जाते. पाट्याचं बुश कुठल्याच दुकानात मिळेना. उद्यमनगरात एका लेथवाल्यानं जुनं झिजलेलं बुश हातात फिरवलं, चहा पिऊन होईस्तोवर गनमेटलचं नवं काढून दिलं, आणि "कुठल्या गाडीचं?" एवढंही विचारलं नाही. या गावात मला न टोलवणारा तो पहिला माणूस.

यंदा दिवाळीनंतर निघालो. गगनबावड्यावरून कोकण हा मूळ बेत. सौ.नं तो आधीच पन्हाळ्यावर आणून ठेवला होता, वीसेक किलोमीटर. वाघबीळला चढ लागला तशी बसनं दोन आचके दिले आणि बंद पडली. डिझेलमध्ये एअर.

फिटरमामांना फोन केला. ते मोटारसायकलवरून येईस्तोवर सौ.नं पोहे टाकले. खिडकी उघडी, फोडणीचा वास, रस्त्याकडेला रंगवलेली बस. दहा मिनिटांत खिडकीशी चौघं उभे. "मावशी, दोन प्लेट द्या." सौ.नं माझ्याकडं बघितलं आणि दिल्या.

मामांनी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. फेस यायचा, थांबायचा, परत यायचा. शेवटी पाइपाच्या जोडावरचा तांब्याचा वायसर निघाला. दाबून दाबून कडक झालेला, तिथनंच हवा ओढत होता. नवा जवळ नाही. मामा बसमध्ये चढले, पोह्यांची कढई बाजूला सरकवली, वायसर चिमट्यात धरून गॅसवर लालभडक केला आणि बेसिनमध्ये पाण्यात बुडवला. चर्रर्र झालं. "तापीवला की तांबं मऊ पडतंय. आता बसतंय बघा." बसलं. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं.

मी त्यांना म्हटलं, "मामा, बघितलंत? घराच्या गॅसवर गाडी दुरुस्त झाली."

मामांनी हात पुसले, सौ.नं पुढं केलेली प्लेट घेतली आणि खिडकीपाशी उभ्या गिऱ्हाइकांकडं एक नजर टाकली.

"ते ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "वहिनी, पोह्यांवर कट न्हाई व्हय?"