पाच सेंटांची पोकाहॉन्टस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जेम्सटाउन या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीवर १९०७ साली निघालेल्या टपाल तिकिटांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. मी रंग, छपाई आणि सेंटरिंग (चित्र तिकिटाच्या मधोमध आहे का ते) यांतच रमलो, ज्यांची जमीन गेली त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, असं तुम्ही लिहिलंत. वसाहतवाल्यांचा उदोउदो करणारी तिकिटं जपायचीच कशाला, हेही विचारलंत.

पहिला आक्षेप मान्य. 'ओसाड किनाऱ्यावर इंग्रज उतरले' हे माझं वाक्य साफ चूक होतं. तिथे पौहॅटन या स्थानिक प्रमुखाच्या अंमलाखालच्या जमातींची गावं होती, शेतं होती. वाक्य काढलंय. (सेंटरिंगबद्दल मात्र माघार नाही. या संचाचं नीट मधोमध छापलेलं तिकीट मिळवताना घाम फुटतो.)

दुसरं पटत नाही. दोन सेंटांचं लाल तिकीट भिंगाखाली धरा. चित्र १६०७ च्या आगमनाचं, पण चौकटीत एका बाजूला तंबाखूचं रोप, दुसऱ्या बाजूला मक्याचं ताट. त्या मक्यावरच वसाहतीचं पोट चालायचं आणि तो पिकवायचे स्थानिक लोक. १६०९-१० च्या हिवाळ्यात तो मिळेनासा झाला, तेव्हा जेमतेम ६० माणसं जगली. इंग्रजांची तंबाखू तर १६०७ मध्ये नव्हतीच. जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याने ती १६१२ च्या सुमारास लावली आणि मग जमिनीची हाव सुटली. काढणाऱ्यांना हे सांगायचं नसेल, पण नक्षीत ते आलंच.

पाच सेंटांच्या निळ्या तिकिटावर पौहॅटनची मुलगी पोकाहॉन्टस आहे, तीही इंग्रजी टोपी आणि कॉलर घालून. मूळ चित्र १६१६ चं. वसाहत वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने तिला लंडनला नेलं ते वसाहतीची जाहिरात म्हणून; पुढच्याच वर्षी ती इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडला वारली. पाच सेंट हा तेव्हा परदेशी पत्राचा दर होता. म्हणजे २९१ वर्षांनी तिला पुन्हा त्याच कामाला जुंपलं! हे तिकीट फेकून दिलं तर दाखवायचं काय?

गोव्याचा दाखला तुम्हीच दिलात, म्हणून सांगतो. वास्को द गामाच्या सफरीला ४०० वर्षं झाली म्हणून १८९८ साली पोर्तुगीज भारतासाठी निघालेली तिकिटंही माझ्याकडे आहेत. त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: १५०२, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज यानेच जाळलं. जेम्सटाउनचं पान मात्र अजून कोरं आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून आज पेन्सिल काढलीय.