वाघळाच्या रक्तातला जंतू आणि नातवाचा ताप

काकाजी, नमस्कार.

'वाघळांनाही मलेरिया!' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की देवळात वाघळं वाढली त्याच पावसाळ्यात नातू दोनदा तापाने फणफणला, दोन्ही वेळा रक्तात व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा जंतू निघाला. आणि विचारलंत, वाघळांत जंतू आहेत म्हणून सांगता, वर त्यांना हुसकायला देवळात धूर करू नका म्हणता, मग तुम्ही माणसांकडचे की वाघळांकडचे?

मथळ्यावरचा राग मला मान्य आहे. गडचिरोलीत मलेरिया म्हटलं की प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी आठवतं. तो शब्द मी असा वापरायला नको होता. मथळा आजच बदलतो.

पण नातवाचा ताप वाघळांमुळे आला, हे मात्र पटत नाही. माझी वीस वर्षं रक्ताच्या स्लाइड तपासण्यात गेली. जंतू दिसावेत म्हणून जेएसबी रंग दिल्यावर फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या जंतूच्या बारीक अंगठ्या (रक्तात वाढणाऱ्या जंतूचं रूप), केळ्यासारखी वाकलेली रूपं, व्हायव्हॅक्सने फुगलेल्या तांबड्या पेशी मी झोपेतही ओळखीन. नागपूरला एका संशोधक मुलीने परदेशातल्या वाघळाची स्लाइड दाखवली, तेव्हा क्षणभर मीही दचकलो. पेशीत तेच तपकिरी कण! मग स्लाइड सरकवत गेलो, सरकवत गेलो, पण अंगठी एकही सापडली नाही. पॉलिक्रोमोफिलस नावाचा हा जंतू रक्तात वाढत नाही. तिथे त्याची फक्त नर-मादी रूपं असतात, माशीने शोषून न्यावीत म्हणून थांबलेली. ती माशी बिनपंखी, कोळ्यासारखी दिसणारी, वाघळाच्या केसांतच जगणारी. फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांत हेपॅटोसिस्टिस असतो, तो बारीक चिलटांतून पसरतो. आपला मलेरिया ॲनोफिलिस डास एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. धानाच्या बांधीत आणि ओढ्याच्या डबक्यात वाढणारा तो डास देवळातल्या धुराने कमी व्हायचा नाही.

'पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे वाघूळ आजारीच' असंही तुम्ही म्हणता. इतकं सोपं नाही ते. वाघूळ पकडून पिशवीत ठेवलं, तरी भीतीने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. जंतुसंसर्गातही असं होऊ शकतं. माणसांच्या वर्दळीजवळ राहणाऱ्या वाघळाच्या रक्ताचा एक थेंब पाहून त्याला जंतूने ग्रासलंय की आपण छळलंय, हे मी सांगू शकणार नाही. वाघळाचं शरीरही वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळवाघळात विषाणूंना रोखणारं इंटरफेरॉन संसर्ग नसतानाही तयार असतं, आणि अंगातला दाह मात्र आवरलेला असतो. म्हणून कित्येक विषाणू अंगावर घेऊनही ती धडधाकट उडतात.

आणि इथेच तुमची काळजी रास्त आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वाघळं तपासली, तर काहींत निपाह या जीवघेण्या विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली. वाघूळ चावलं तर रेबीजची लस घ्यावीच लागते. म्हणून तर धूर नको म्हणतो! धुराने ती गावाबाहेर जात नाहीत, घराघरांच्या कवेलूंत शिरतात. पिल्लं खाली पडतात आणि पोरं ती हातात घेतात. फटी बुजवायच्याच असतील तर पिल्लं उडायला लागल्यावर, सांजेला सगळी बाहेर पडली की बुजवा. विष्ठा झाडण्याआधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं बांधा. वाघळांनी उष्टावलेलं फळ कुणाला खाऊ देऊ नका.

आता नातवाबद्दल. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास न चावताही उलटतो. त्यासाठी रक्तातल्या जंतूच्या गोळ्यांसोबत डॉक्टर तपासून प्रायमाक्विन देतात, १४ दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, पोरगं खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात. असे किती डबे आशाताईंनी मला आणून दाखवलेत! पहिल्या तापात त्याला ती गोळी दिली होती का, आणि पूर्ण झाली का? घरातला कागद आणि उरलेलं पाकीट घेऊन त्याला आरोग्य केंद्रात न्या आणि मला कळवा.