मावशी, ९१ ज्वालामुखी खरे आहेत, पुढचं सगळं थोतांड

मावशी निवृत्त विज्ञानशिक्षिका, त्यामुळे तिनं पाठवलेलं कुणी तपासून बघत नाही. परवा तिच्याकडून आलेला मजकूर असा: अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली ९१ नवे ज्वालामुखी सापडले, बर्फ त्यांच्यामुळेच वितळतोय, तापमानवाढ वगैरे थापा, एक ज्वालामुखी माणसानं शंभर वर्षांत सोडला नाही इतका कार्बन सोडतो, आणि सगळे एकदम फुटले की आठवड्यात मुंबई पाण्याखाली. त्याखाली तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचे जोडलेले हात.

आकडा खरा आहे, मावशी. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली १३८ ज्वालामुखी शोधले, त्यांतले ९१ आधी माहीत नव्हते. हे शंकूसारखे डोंगर त्यांना मुख्यतः रडारच्या नोंदींतून दिसले. पण ते आज धुमसताहेत असं तिथे म्हटलेलं नाही. डोंगर आधीपासून तिथेच होते, मग बर्फ गेल्या काही दशकांतच का पातळ व्हायला लागला?

आता उष्णतेचा हिशेब कर, तू तर हा शिकवलायस. जमिनीतून दर चौरस मीटरला १०० मिलिवॉट उष्णता वर येते असं धर. ती सगळीच्या सगळी बर्फ वितळवण्यात गेली तरी वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर बर्फ जाईल. ज्वालामुखीचा मुलूख म्हणून दहापट धर, १० सेंटिमीटर. उलट त्याच पश्चिम अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड हिमनदीचं समुद्रावर तरंगणारं टोक खालून वर्षाला दहा मीटरांहून जास्त झिजतं, कारण खोल समुद्रातलं कोमट पाणी त्याच्या पोटाखाली शिरतं. सेंटिमीटर कुठे आणि मीटर कुठे!

त्याच हिमनदीखाली ज्वालामुखीची धग आहे, हे मात्र कबूल करावं लागतं. संशोधक ब्राइस लूज आणि सहकाऱ्यांना तिच्यालगतच्या समुद्रात हेलियम-३ हा वायू सापडला, आणि त्याचा माग थेट पृथ्वीच्या प्रावरणापर्यंत, म्हणजे कवचाखालच्या थरापर्यंत गेला. २०१८ चा हा शोधनिबंध. फॉरवर्डवाले त्यावर तुटून पडले. त्याच संशोधकांनी बर्फ घटण्याचं मुख्य कारण हा ज्वालामुखी नाही असंही बजावलं होतं, ते वाक्य मात्र सोयीनं गळालं.

बर्फाखाली खरा उद्रेक झाला की काय होतं, ते आइसलंडनं बघितलंय. ३० सप्टेंबर १९९६ ला वात्नायोकुल या हिमटोपीखाली उद्रेक सुरू झाला. दोन दिवसांत पाचेकशे मीटर बर्फ भेदून राख बाहेर आली. वितळलेलं पाणी मात्र लगेच वाहिलं नाही. ते बर्फाखालच्या ग्रिमस्व्होत्न सरोवरात महिनाभर साचत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला बर्फाच्या बुडातून फुटलं. घराएवढे हिमखंड वाळवंटी किनाऱ्यावर येऊन पडले, हमरस्ता आणि पूल गेले. इतकं होऊनही वात्नायोकुल आजही तिथेच आहे. भयंकर असतं, पण त्या टापूपुरतं.

मुंबईचं त्यातच आलं. आणि कार्बनचं म्हणशील तर जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्या आसपासच सोडतात.

गंमत म्हणजे संबंध आहे, पण उलट्या दिशेनं. बर्फाचं ओझं कमी झालं की खालच्या खडकावरचा दाब घटतो आणि तो जास्त वितळतो. हिमयुग संपल्यावर आइसलंडमधले उद्रेक कितीतरी पटींनी वाढले ते त्यामुळे. तेव्हा तो मजकूर आजच्या आज काढ, आणि विद्यार्थ्यांना तो सेंटिमीटरचा हिशेब पाठव.