‘आधी घाबरवा, मग विका’ हा सल्ला तपासून पाहूया

जाहिराती लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. भीती जितकी मोठी, तितकी विक्री मोठी. भीती लोकांच्या मनात असतेच, आपण फक्त ती बोलून दाखवतो. आणि शेवटी दिलासा दिला की झालं, कुणाचं नुकसान नाही. यातलं एकही विधान मला पटत नाही.

पहिलं विधान पाहू. १९६५ साली येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पुस्तिका वाचायला दिली. काहींना साधी, काहींना अंगावर काटा आणणारी. भयंकर पुस्तिका वाचणारे ‘लस घेणार’ असं जास्त ठामपणे म्हणाले, पण प्रत्यक्ष लस घेण्यात दोन्ही गट सारखेच निघाले. फरक पाडला तो एका नकाशाने. आरोग्य केंद्र कुठे आहे हे दाखवून, आठवड्यातली सोयीची वेळ शोधायला सांगितलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के जाऊन लस घेऊन आले. ज्यांना नकाशा मिळाला नाही त्यांच्यातले जेमतेम ३ टक्के. भीतीचा मजकूर न वाचता फक्त नकाशा मिळालेल्यांपैकी मात्र कुणीच गेलं नाही. म्हणजे भीती लागते, पण थोडी पुरते. तिच्यासोबत काय करायचं, कुठे जायचं, हे सांगावं लागतं. नुसतं घाबरवून सोडणं ही मला तर क्रूरताच वाटते.

‘भीती असतेच’ म्हणणाऱ्यांनी चूळ भरायचं लिस्टरिन आठवावं. हे जंतुनाशक १८७९ पासूनचं. १९२० च्या दशकात कंपनीने ‘हॅलिटोसिस’ (तोंडाला येणारा वास) हा फारसा कुणाला माहीत नसलेला शब्द उचलला आणि तोंडाच्या वासामुळे लग्न जमत नाही, मित्र तुटतात, अशा जाहिराती केल्या. तोंडाला वास पूर्वीही येत असे. त्यापायी आयुष्य फुकट जाईल ही धास्ती जाहिरातीने पेरली.

आणि दिलासा? माझ्या मते सर्वांत जास्त सांभाळून वापरायची गोष्ट हीच. भीतीने माणूस निदान सावध होतो, खोट्या दिलाशाने बेसावध होतो. उदाहरण म्हणून ‘लाइट’, म्हणजे सौम्य म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारेटचं पाहा. फिल्टरच्या बारीक छिद्रांतून धुरात हवा मिसळत असल्यामुळे मोजणी यंत्रात टार (धुरातला घातक चिकट पदार्थ) कमी दिसायचं. ओढणाऱ्याची बोटं आणि ओठ तीच छिद्रं झाकायचे, शिवाय झुरके जास्त खोल घेतले जायचे. सोडायच्या विचारात असलेल्या कितीतरी लोकांनी ‘ही तेवढी वाईट नाही’ म्हणत ब्रँड बदलला आणि ओढत राहिले. अमेरिकेत पाकिटावरचे ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द बंद व्हायला २०१० उजाडलं.

म्हणून ‘आता निश्चिंत राहा’ लिहिण्याआधी आपली वस्तू काय करत नाही, हे तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. विम्याच्या जाहिरातीत आजारपणाची भीती दाखवायची असेल, तर दावा कोणत्या आजाराला आणि किती काळ मिळणार नाही, तेही त्याच पानावर हवं.