स्गान्झेर्ला हे ‘एका चित्रपटाचे दिग्दर्शक’ नव्हेत

ब्राझीलच्या भूमिगत, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या प्रयोगशील, सिनेमाची चर्चा निघाली की एक विधान हमखास पुढे येते: रोजेरिओ स्गान्झेर्ला यांनी वयाच्या २२व्या वर्षी, १९६८ साली, ‘ओ बान्दिदो दा लुझ व्हर्मेल्या’ हा एकच चमकदार चित्रपट केला, तोही फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या अनुकरणातून, आणि त्यानंतर त्यांची प्रतिभा आटली. यातले वय आणि साल एवढेच मला मान्य आहे.

अनुकरणाचा आक्षेप आधी पाहू. गोदारचा प्रभाव या चित्रपटात आहेच. पण तो उभा आहे साओ पाउलोच्या बोका दो लिशो या वस्तीवर, जोआओ आकासिओ या खऱ्या दरोडेखोराच्या गुन्ह्यांवर आणि रेडिओवरच्या सनसनाटी बातम्यांच्या भाषेवर. एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन निवेदक चित्रपटभर दरोडेखोराविषयी परस्परविरोधी, भडक वाक्ये फेकत राहतात, आणि त्या गदारोळात खरा माणूस हाती लागत नाही. हे पॅरिसहून उसने आणता येणारे नव्हते.

प्रतिभा आटल्याचा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. १९६९मध्ये ‘आ मुल्येर दे तोदोस’ आला. १९७०मध्ये जुलिओ ब्रेसान आणि अभिनेत्री एलेना इग्नेझ यांच्यासह त्यांनी बेलएअर ही निर्मितीसंस्था काढली, आणि तीनएक महिन्यांत या मंडळींनी अर्धा डझन चित्रपट चित्रित केले. ‘कोपाकाबाना मोन आमोर’ आणि ‘सेम एसा, आरान्या’ हे त्यांतले स्गान्झेर्ला यांचे. ते नाकारायला प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच कुठे? डिसेंबर १९६८च्या पाचव्या संस्थात्मक अधिनियमाने, म्हणजे नागरी हक्क गोठवणाऱ्या सरकारी हुकमाने, लष्करी राजवटीचा फास आवळला होता, संस्था बंद पडली आणि तिघांनाही देश सोडावा लागला. जे दाखवूच दिले नाही, त्यावरून निर्मात्याला वांझ ठरवणे हा अन्याय आहे.

पुढच्या काळाचा तर या विधानात उल्लेखही नसतो. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्स १९४२मध्ये ब्राझीलमध्ये जो चित्रपट करू लागले आणि जो अपुरा राहिला, त्या प्रसंगाकडे स्गान्झेर्ला पुन्हा पुन्हा वळले: १९८६चा ‘नेम तुदो ए व्हेर्दादे’, मग एक लघुपट, १९९७चा ‘तुदो ए ब्राझिल’, आणि शेवटी २००३चा ‘ओ सिग्नो दो काओस’, ज्यात एका परदेशी दिग्दर्शकाची रिळे ब्राझीलच्या बंदरात सरकारी अधिकारी अडवून ठेवतात. जानेवारी २००४मध्ये स्गान्झेर्ला यांचे निधन झाले.