लोणावळ्याच्या बंगल्याचा हप्ता पाहुणे फेडतील?

गेले काही महिने सोसायट्यांच्या, नातेवाइकांच्या आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'लोणावळ्यात 80 लाखांचा बंगला घ्या. 20 लाख स्वतःचे, 60 लाख गृहकर्ज. हप्ता 54 हजार. एअरबीएनबीवर रात्रीचे 8 हजार मिळतात. महिन्यात 20 रात्री गेल्या तरी 1 लाख 60 हजार. हप्ता पाहुणे फेडतात, बंगला तुमचा. वर करही वाचतो.'

गृहकर्जाच्या फायली तयार करणं हा माझा व्यवसाय आहे. कोथरूड, सिंहगड रोड, पिंपळे सौदागरकडची नोकरदार जोडपी हा मेसेज दाखवत येतात. कर्ज झालं तर माझा फायदाच आहे, तरीही प्रत्येकाला मी थांबवतो. मेसेजमधला हप्त्याचा आकडा बरोबर आहे. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 60 लाख घेतले तर हप्ता 54 हजारांच्या घरातच येतो. त्यापुढचं, आणि एजंट सोबत जे सांगतात तेही, मात्र मुद्द्यामुद्द्याने तपासून घ्या.

'20 लाखांत काम होतं.' होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम मिळू शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च धरत नाहीत. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्यातली, किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर लागतं. 6 टक्के धरले तरी 4 लाख 80 हजार, वर 30 हजार नोंदणी. मग पाहुण्यांसाठी बंगला सजवायचा: गाद्या, एसी, गीझर, इन्व्हर्टर, भांडीकुंडी, वायफाय, कॅमेरे. आठ-दहा लाख सहज जातात आणि ते गृहकर्जात बसत नाहीत. म्हणजे हातात 20 नव्हे, 33 ते 35 लाख हवेत, आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे सहा महिन्यांचे हप्ते त्याहून वेगळे.

'महिन्यात 20 रात्री जातात.' सगळी फसगत इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. लोणावळ्याचं गिऱ्हाईक म्हणजे पुणे आणि मुंबई, आणि ते येतं शुक्रवारी-शनिवारी. रविवारी दुपारी गाड्या परत फिरतात. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री 104. त्यातली एकही रिकामी गेली नाही असं धरू, जे होत नाही. 104 रात्री, 8 हजारांनी 8 लाख 32 हजार. मधल्या वारी, सुट्टीला जोडून, आणखी 20 रात्री साडेचार हजारांनी गेल्या तर 90 हजार. एकूण 9 लाख 22 हजार.

आता वजाबाकी. बुकिंग साइटचं कमिशन कुठं 3 टक्के असतं, कुठं 15 च्या पुढे. 15 धरले तर 1 लाख 38 हजार गेले. तिथे राहणारा केअरटेकर महिना 15 हजारांना धरू, वर्षाचे 1 लाख 80 हजार. वीज, गॅस, टँकर, चादरी-टॉवेलची धुलाई, साफसफाई यांचे तेवढेच. घरपट्टी, विमा, गळती आणि रंगकाम मिळून 75 हजार. उरले साधारण साडेतीन लाख. हप्ते मात्र वर्षाचे 6 लाख 48 हजार. म्हणजे एकही शनिवार वाया न गेलेल्या वर्षातसुद्धा दर महिन्याला 25 हजार पगारातून घालायचे.

रंगकामाचा आकडा वाढवून सांगत नाहीये. पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास. तुंगार्लीतला एक बंगला मी जुलैत पाहिला. फोटोत पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या भिंतीवर कमरेइतकी ओल चढली होती आणि कपाट उघडताच बुरशीचा वास आला. गाद्या वाळवायला ऊन नाही म्हणून केअरटेकरने खोलीत हीटर लावून ठेवला होता. त्याच्या वहीत एकाच महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी, गीझरचा कॉइल, सेप्टिक टँकचा उपसा आणि पाहुण्यांनी फोडलेलं काचेचं टेबल, एवढ्या नोंदी होत्या. शेवटच्या नोंदीसमोर लिहिलं होतं, 'मालकांनी सोडून दिले.' पाहुण्याने वाईट शेरा देऊ नये म्हणून मालक असे कितीतरी पैसे सोडून देतात.

शिवाय लोणावळ्याचा मोसम म्हणजे पावसाळा, आणि तोच आता बेभरवशाचा झालाय. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळून चौघांचा जीव गेला. असं घडल्यावर प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदी घालतं, आणि ते योग्यच आहे. पण बंदी आली की बुकिंग रद्द होतात. 2020 च्या टाळेबंदीत तर महिनोन्महिने एकही पाहुणा नव्हता. मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत मिळाली, व्याज मात्र चढत राहिलं.

'बँक भाड्याचं उत्पन्न धरते.' पुढे मिळेल अशा, रात्रीच्या हिशोबातल्या भाड्यावर बँक सहसा विसंबत नाही. पाहते ती पगाराची स्लिप. दोघांचे मिळून दीड लाख हातात येतात आणि पुण्यातल्या फ्लॅटचा 38 हजारांचा हप्ता चालू आहे असं समजा. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यात बसवायचे तर नव्यासाठी 37 हजार उरतात, म्हणजे 41 लाखांच्या आसपास कर्ज. उरलेले 19 लाख कुठून? इथे एजंट हळूच पर्सनल लोन किंवा सोनेतारण सुचवतो. कृपा करून तिथून उठून या. स्वतःचा हिस्साच कर्जाने भरला तर पहिल्या रिकाम्या महिन्यात घरातलं सोनं धोक्यात येतं.

मंजुरीपत्र पूर्ण वाचा. घर राहण्यासाठीच वापरायचं अशी अट बहुतेकदा त्यात असते. पाहुण्यांचा धंदा करायचा असेल तर तसं बँकेला आधीच लेखी विचारा, दर थोडा वाढला तरी चालेल. बंगला रो-हाउसच्या सोसायटीत असेल तर सोसायटीलाही विचारा. दर शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर चालू असताना शेजाऱ्यांनी गप्प बसावं अशी अपेक्षा धरू नका.

'जागा एनए आहे, काळजी नको.' मुळशी, पवना, पानशेतकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. एनए म्हणजे बिगरशेती, आणि जागा तशी झाल्याचा पुरावा कागदावर पाहायचा. सातबाऱ्यावर अजून शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती फक्त शेतकरीच विकत घेऊ शकतो, आणि तिच्यावर नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही. सातबाऱ्यात 'इतर हक्क' रकाना आणि भोगवटादाराचा वर्ग पाहा, मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. बांधकामाचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नगरपरिषदेचं किंवा पीएमआरडीएचं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं, आहे का ते बघा. नदी किंवा धरण जवळ असेल तर पूररेषाही तपासा. वकिलाचे वीस-पंचवीस हजार इथे वाचवू नका. आणि बिल्डर 'वर्षाला अमुक टक्के परतावा नक्की' म्हणत असेल, तर ते नोंदणीकृत करारात लिहून मागा. लिहून देत नसेल तर तो परतावा धरूच नका.

'कर वाचतो.' नव्या करप्रणालीत असाल तर घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वजा होत नाही. जुन्यात होतो, पण वर्षाला 2 लाखांपर्यंतच, बाकीचा पुढच्या वर्षांत ओढावा लागतो. पाहुण्यांना चहा-नाश्ता, साफसफाई अशा सेवा देत असाल तर उत्पन्न व्यवसायाचं ठरू शकतं आणि नियम पार बदलतात. घ्यायच्या आधी सीएला भेटा.

हे सगळं वाचूनही घ्यायचंच असेल, तर माझा विरोध नाही. लोणावळ्यात स्वतःचं घर असावं ही चांगली इच्छा आहे. फक्त सगळा हप्ता पगारातून झेपत असेल तरच घ्या, आणि पाहुण्यांचे पैसे देखभालीला लावा. त्याआधी जमलं तर एखादा बंगला वर्षभर भाडेकरारावर चालवायला घ्या. मालक तयार होतात. तेही नको असेल तर निदान जुलैतल्या एखाद्या मंगळवारी तिथे जा, शेजारच्या चार बंगल्यांच्या केअरटेकरांना भेटा, आणि आज किती पाहुणे आहेत ते त्यांनाच विचारा.