शोधनिबंध छापून आणण्याविषयी काही हिताच्या सूचना

आपण महाराष्ट्रातील एखाद्या अनुदानित महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक आहात, प्राध्यापकपदाच्या प्लेसमेंटची, म्हणजे बढतीची, फाईल तयार होत आली आहे आणि संशोधनाचे गुण काही केल्या त्यासाठी लागणाऱ्या ११० पर्यंत पोहोचत नाहीत, असे गृहीत धरून पुढील मजकूर लिहिला आहे. आपल्याला एखादा प्रश्न खरोखर पडला असून त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण निबंध लिहू पाहत असाल, तर या सूचना आपल्या उपयोगाच्या नाहीत. आपण ग्रंथालयात जावे आणि तीन-चार वर्षांनी परत यावे. तोपर्यंत आपले सहकारी वरच्या वेतनस्तरावर गेलेले असतील, एवढेच सांगून ठेवतो.

विषय निवडण्यात वेळ दवडू नये. आधी शीर्षक निवडावे. उत्तम शीर्षकात प्रथम सर्वांना मान्य असलेली एखादी चांगली गोष्ट येते, तिच्यामागे ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही अक्षरे येतात आणि शेवटी ‘विशेष संदर्भ’ म्हणून एखादा तालुका येतो. ‘ग्रामीण विकासात महिला बचत गटांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक घेतले, तर महाराष्ट्रात ३५८ तालुके असल्यामुळे संपूर्ण सेवाकाळाला पुरून उरेल इतके संशोधन त्या एका ओळीत साठवलेले आहे, आणि कालावधी पाच वर्षे पुढे सरकवला की तेच तालुके पुन्हा नव्याने उपलब्ध होतात. चिकित्सा कोठे केली, असे कोणी विचारीत नाही. नुसता ‘अभ्यास’ असे लिहिलेला निबंध मात्र उघडावाघडा दिसतो.

आतील मांडणी ठरलेली आहे आणि तिच्याशी खेळू नये. प्रस्तावनेचा आरंभ ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने करावा; निबंध विमा व्यवसायावर असला तरी ते चालते. त्यानंतर चार उद्दिष्टे येतात, ज्यांतील पहिले नेहमी ‘संकल्पना समजून घेणे’ हे असते, म्हणजे निदान एक उद्दिष्ट तरी निबंध संपण्यापूर्वी साध्य होण्याची आशा राहते. गृहीतक असे घ्यावे, की ते खोटे ठरण्याची शक्यताच उरू नये. ‘बचत गटांमुळे महिलांना बचतीची सवय लागते’ हे या दृष्टीने आदर्श गृहीतक होय. नमुना निवडीची चिंता करू नये, कारण संशोधन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांनीच ‘सोयीस्कर नमुना निवड’ नावाची पद्धत मान्य करून आपली सोय केलेली आहे. गूगल फॉर्मची लिंक द्वितीय वर्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावी, खाली ‘सर्वांनी आजच भरावा, अंतर्गत गुणांसाठी विचार केला जाईल’ अशी ओळ लिहावी, म्हणजे संध्याकाळपर्यंत शंभर ग्रामीण महिला उत्तरे देऊन मोकळ्या होतात. त्यांतील साठ जणींनी लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ असे लिहिले असेल, तर तो रकाना तक्त्यातून वगळावा. मात्र तक्ता असावाच. आणि तक्त्याखाली ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’ असे म्हणून तक्त्यातील सर्व आकडे पुन्हा एकदा वाक्यात लिहावेत. त्यामुळे पृष्ठसंख्या वाढते आणि विश्लेषणही झाले असे होते.

निष्कर्ष गृहीतकावरून उतरवून घ्यावेत आणि शिफारशी शासनाला कराव्यात. शासनाने जनजागृती करावी, शासनाने अनुदान वाढवावे, शासनाने प्रशिक्षण शिबिरे घ्यावीत, या तीन शिफारशी कोणत्याही निबंधाला बसतात, आणि आजवर शासनाने त्यांतील एकही मनावर घेतलेली नसल्यामुळे त्या कधी जुन्या होत नाहीत. अभ्यासाच्या मर्यादा लिहिताना वेळ, पैसा व श्रम यांची मर्यादा होती असे म्हणावे. निबंधातील हे एकच वाक्य शब्दशः खरे असते, म्हणून ते मनापासून लिहावे.

लेखकांच्या नावांबाबत मात्र सावकाश विचार करावा, कारण खरे गणित येथे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील एका शोधनिबंधाला दहा गुण असतात. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के, म्हणजे सात-सात गुण मिळतात. दोनांहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला सत्तर टक्के आणि उरलेल्या प्रत्येकाला तीस. आता हिशेब करून पाहावा. एकट्याने लिहिलेल्या निबंधातून देशाच्या ज्ञानभांडारात दहा गुणांची भर पडते, तर पाच जणांनी मिळून न लिहिलेल्या निबंधातून एकोणीस गुणांची. म्हणून विभागप्रमुखांचे नाव घालावे, प्राचार्यांचे घालावे, ज्यांच्या निबंधात गेल्या वर्षी आपले नाव होते त्यांचे तर घालावेच. ‘सर, एक पेपर टाकतोय, तुमचं नाव टाकू ना?’ एवढे विचारले की पुरे. समोरून ‘विषय काय आहे?’ असा प्रश्न येत नाही, ‘माझ्या नावापुढे डॉ. लावा’ एवढीच सूचना येते. सहलेखकाने निबंध वाचलेला असावा अशी अट कोणी घालू लागलेच, तर १९७५ सालचे उदाहरण द्यावे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलेल्या निबंधात सर्वत्र ‘आम्ही’ असे म्हटले होते. एका लेखकाच्या निबंधाला ते चालणार नाही असे कळल्यावर सगळा मजकूर पुन्हा टंकलिखित करण्यापेक्षा त्यांनी आपल्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केले, आणि ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने तो निबंध छापला. त्या मांजराचे योगदान आपल्याकडील कित्येक सहलेखकांपेक्षा कमी होते, असे मला तरी म्हणवत नाही; त्याच्यामुळे निदान टायपिंगचा त्रास वाचला.

यानंतर वाङ्मयचौर्याचा प्रश्न येतो. आयोगाच्याच २०१८ च्या दुसऱ्या एका नियमावलीने दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा ठेवलेली नाही आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजणीतून वगळले आहे. या तरतुदीचा हेतू काहीही असो, तिचा वापर असा करावा, की इतरांचा परिच्छेद घेऊन दर पंधराव्या शब्दाला आपली प्रतिभा लावावी. ‘महत्त्वाचे’ असेल तेथे ‘महत्त्वपूर्ण’ करावे, ‘परंतु’चे ‘तथापि’ करावे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी हे काम करणारी सॉफ्टवेअरे आहेत. काही संशोधकांनी २०२१ साली असे निबंध हुडकून काढले, ज्यांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झाले होते आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बुझम पेरिल’. हे निबंध नामांकित प्रकाशकांच्या जर्नल्समध्येही रीतसर छापले गेले होते. मराठीत लिहिणाऱ्यांना तेवढीही यातायात नाही. आपण कृतिदेवसारखा जुना फॉन्ट वापरला, की पडद्यावर मराठी दिसत असली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन रास असते. ती युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीतल्या दुसऱ्या कोणत्या मजकुराशी जुळावी कशी? ज्या नियतकालिकाच्या सूचनांमध्ये ‘निबंध कृतिदेव ०५५, आकार १४ मध्ये पाठवावा’ असे आजही छापलेले असते, त्याच्या संपादकांना जुन्या फॉन्टचा जिव्हाळा आहे असेच आपण समजावे.

आता निबंध पाठवायचा कोठे, हा प्रश्न. एक मार्ग असा, की आपल्या विषयातील ज्या नियतकालिकाचे अंक आपण स्वतः वाचता, तेथे तो पाठवावा. पण मग संपादक आठवडाभरात तो परत करतात किंवा परीक्षकांकडे धाडतात, परीक्षक सहा महिन्यांनी चार पानी टिपण पाठवतात, आणि त्यात नेमके तेच विचारलेले असते जे आपण ‘लिंग’ या रकान्याबरोबर वगळले. या वाटेने मोठमोठी माणसे ठेचाळली आहेत. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत असा निष्कर्ष काढणारा निबंध आइनस्टाइन यांनी १९३६ साली नेथन रोझेन यांच्यासह ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला, परीक्षकाने त्यातील चूक दाखवली, आणि आपल्याला न विचारता निबंध तिसऱ्या माणसाला दाखवल्याबद्दल संतापून आइनस्टाइन यांनी तो परत घेतला. पुढे चूक त्यांच्याही ध्यानात आली आणि निबंध दुसरीकडे छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. तज्ज्ञ-परीक्षणाचा धोका तो हाच. आपल्या शिफारशी शासनाला करून झालेल्या असताना निष्कर्ष बदलणे परवडणारे नाही.

परीक्षण टाळता येत नसेल, तर परीक्षक आपणच सुचवावेत, अशी सोय काही जर्नल्सची संकेतस्थळे देतात. नाव मान्यवराचे, ई-मेल पत्ता आपला, ही युक्ती जगात करून झालेली आहे. बनावट परीक्षकांची एक टोळीच उघडकीस आल्यामुळे सेज या प्रकाशन संस्थेने २०१४ साली एका नियतकालिकातले ६० निबंध एकदम मागे घेतले. एकट्याने आणि बेताने करणाऱ्याचे काय झाले असते, हे त्यावरून सांगता येत नाही.

दुसरा मार्ग आपल्या मोबाईलमध्ये आधीच येऊन पडलेला आहे. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय पीअर रिव्ह्यूड जर्नल, इम्पॅक्ट फॅक्टर ८.१२३, विशेषांकासाठी निबंध पाठविण्याची अंतिम मुदत उद्या’ असा तो संदेश असतो, त्याखाली गुलाबाची दोन फुले असतात आणि फुलांखाली क्यूआर कोड. निबंध सकाळी पाठवला की दुपारी परीक्षण होऊन तो स्वीकारला जातो, संध्याकाळी शुल्क भरल्याचा स्क्रीनशॉट आपण पाठवतो, आणि प्रत्येक लेखकाच्या नावाचे रंगीत प्रमाणपत्र हाती येते. याला कोणी लुटारू जर्नल म्हणतात, पण तो शब्द अन्यायाचा आहे; लुटीत एका पक्षाचे नुकसान होते, येथे दोन्ही पक्ष संतुष्ट असतात. शिवाय ‘नेचर’ने मुक्त प्रवेशाने, म्हणजे वाचकांना विनामूल्य खुला ठेवून, एक निबंध छापण्याचे शुल्क २०२० साली ९,५०० युरो जाहीर केले होते. त्या मानाने दीड-दोन हजार रुपयांत काम होत असेल, आणि सोबत आयएसएसएन क्रमांकही मिळत असेल, तर तक्रारीला जागा नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा केवळ एक क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही, असे आपला ग्रंथपाल सांगू लागला तर त्याला चहा पाजावा.

आपल्या देशाचे या क्षेत्रातील स्थान फार वरचे आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ जर्नल्सकडे पाठवला होता, आणि त्याचा वृत्तांत २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला. १५७ जर्नल्सनी तो निबंध स्वीकारला. भारतातल्या जर्नल्सपैकी ६४ जर्नल्सनी स्वीकारला आणि फक्त १५ जर्नल्सनी नाकारला. त्या १५ संपादकांना पुढे काय सोसावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याद्यांची भीती बाळगू नये. आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची प्रचंड यादी काढली, २०१८ च्या मे महिन्यात तिच्यातून ४,३०५ नावे काढून टाकली, आणि विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची तपासणी पुण्यातील अभ्यासकांनी केली तेव्हा त्यांतील ८८ टक्के निकृष्ट निघाली. मग २०१९ साली केअर लिस्ट ही आयोगाची नवी यादी आली, तिच्यात नाव असलेल्या नियतकालिकांची नक्कल करणारी हुबेहूब संकेतस्थळे आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत केअर लिस्टच बंद करून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवण्यात आली. संस्था म्हणजे आपलीच महाविद्यालयीन समिती. तिचे अध्यक्ष प्राचार्य असतात, आणि ते आपल्या निबंधाचे सहलेखक असल्यामुळे नियतकालिकाच्या दर्जाविषयी त्यांचे मत आपल्याला आधीच ठाऊक असते.

निबंध छापून आला की मुखपृष्ठ, संपादक मंडळाचे पान, अनुक्रमणिका, निबंधाचे पहिले पान आणि प्रमाणपत्र यांच्या प्रत्येकी तीन झेरॉक्स काढून साक्षांकित करून घ्याव्यात. निबंधाची उरलेली पाने छाननी समिती मागत नाही. आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना नॅकच्या मूल्यांकनासाठी सॉफ्ट कॉपी द्यावी. स्टाफच्या ग्रुपवर प्रमाणपत्राचा फोटो टाकावा आणि आलेल्या अभिनंदनांना एकेक करून हात जोडावेत. त्यानंतर साधारण आठवडाभरात त्याच जर्नलकडून आपल्याला संपादक मंडळावर घेतल्याचे पत्र येईल, आणि पाठोपाठ परीक्षणासाठी एक निबंध येईल. तो ‘ग्रामीण विकासात महिला बचत गटांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’ असाच असेल, फक्त तालुका शेजारचा असेल. अभिप्रायाच्या चौकटीत ‘विषय समाजोपयोगी आहे, मांडणी उत्तम, प्रसिद्धीस हरकत नाही’ असे लिहावे आणि परीक्षकाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यालाही फाईलमध्ये जागा असते.